'सर्व माणसं' म्हणजे नेमकी कोण?

१७७६ सालचा जून महिना. फिलाडेल्फियात जेकब ग्राफ नावाच्या गवंड्याच्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या थॉमस जेफरसन या तेहेतीस वर्षांच्या वकिलाने भाड्याने घेतल्या होत्या. तिथे बसून त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि सुखाच्या मागे जाण्याचा हक्क त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, हे ते प्रसिद्ध वाक्य. त्या मुक्कामात जेफरसनच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. तो त्याचा गुलाम होता. नात्याने म्हणाल तर मेहुणा. जेफरसनच्या बायकोचे वडील तेच रॉबर्टचे वडील, आई मात्र गुलाम. जाहीरनामा निघाला, छापला गेला, गावोगाव वाचला गेला, आणि रॉबर्ट गुलामच राहिला. तो सुटला १७९४ मध्ये, तेही स्वतःची किंमत फेडून.

यावरून जेफरसनला ढोंगी म्हणणं सोपं आहे, आणि या बाबतीत तो होताच. पण मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते वाक्य लिहिताना ज्यांना हिशेबातच धरलं नव्हतं, नेमक्या त्यांनीच ते का उचललं? अठराव्या शतकातल्या युरोपच्या ज्ञानोदयाबद्दल, म्हणजे 'एनलाइटनमेंट'बद्दल, पुष्कळ लिहिलं गेलंय, पण मला ती सगळी भानगड या एका प्रश्नाचा धागा धरला की सगळ्यात नीट उलगडते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. शाळेच्या पुस्तकात आपण 'प्रबोधन' शिकलो ते इटलीतलं, लिओनार्दो आणि मायकेलअँजेलोच्या काळातलं. इथे बोलतोय तो काळ त्याच्या बराच पुढचा, ढोबळमानाने १६८० ते १७८९. फ्रेंच लोक त्याला 'ल्युमिएर' म्हणतात, म्हणजे दिवे. अनेकवचनी, हे मला आवडतं. एकच सूर्य उगवला असं नाही, ठिकठिकाणी दिवे लागले आणि काही एकमेकांना विझवायलाही बघत होते. व्होल्तेर आणि रूसो या त्या काळच्या दोन बड्या लेखकांचं तर पुढे विळ्या-भोपळ्याचं सख्य.

सुरुवात राजकारणातून झालीच नाही, आकाशातून झाली. १६८७ मध्ये न्यूटनने दाखवून दिलं की झाडावरून फळ पडतं आणि चंद्र फिरतो ते एकाच नियमाने. आभाळाला वेगळा कायदा आणि जमिनीला वेगळा, असं काही नाही. धूमकेतू दिसला की राजावर संकट येणार, ही समजूत आपल्याकडे होती तशी तिकडेही होती. एडमंड हॅलीने त्याच नियमाने हिशेब मांडून एक धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल असं सांगितलं. तोवर हॅली वारला होता, पण धूमकेतू आला. अपशकुनाचं वेळापत्रक निघालं म्हटल्यावर विचार करणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न पडणारच: मग राजाच्या सत्तेचा नियम काय?

जॉन लॉकने १६८९ मध्ये, नाव न घालता छापलेल्या पुस्तकात त्याचं उत्तर दिलं. राजाला सत्ता देवाने दिलेली नाही, माणसांनी दिली आहे, स्वतःचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळण्यासाठी. आपल्या भाषेत सांगायचं तर ते मुखत्यारपत्र आहे. मुखत्याराने तुमचीच जमीन गिळायला सुरुवात केली तर ते रद्द करता येतं, आणि त्यासाठी देवाची परवानगी लागत नाही. 'बंड' या शब्दाला यामुळे पहिल्यांदाच जरा सभ्य कपडे मिळाले. मेख मात्र इथेही होती. आफ्रिकेतून गुलाम नेऊन विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकने पैसे गुंतवले होते.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर दक्षिण फ्रान्सातल्या तुलूझ शहरात चला. १३ ऑक्टोबर १७६१ ची संध्याकाळ. झां कालास हा साठी ओलांडलेला कापडाचा व्यापारी, खाली दुकान, वर घर. घरचे लोक आणि एक पाहुणा असे जेवायला बसले होते. थोरला मुलगा मार्क-आंत्वान जेवून उठला आणि खाली गेला. पाहुण्याला सोडायला मंडळी खाली आली तेव्हा त्यांना मुलाचं प्रेत दिसलं. त्याने गळफास घेतला होता असं घरच्यांनी पुढे सांगितलं, पण सुरुवातीला नाही. कारण तेव्हाच्या कायद्यात आत्महत्या हा गुन्हा होता आणि प्रेताची रस्त्यातून फरफट काढत. बापाने आधी एक सांगितलं, मग दुसरं. बाहेर गर्दी जमली होती. कालास कुटुंब प्रोटेस्टंट, शहर कट्टर कॅथलिक. गर्दीतून कोणीतरी ओरडलं की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला. झालं. पुरावा असा काही नव्हताच, होती ती कुजबुज. तिथल्या न्यायालयाने कालासला दोषी ठरवलं. १० मार्च १७६२ रोजी भर चौकात लोखंडी कांबीने त्याची हाडं मोडली, दोन तास चाकावर ठेवलं, मग गळा आवळला. 'मी निर्दोष आहे' हे त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

व्होल्तेर तेव्हा अडुसष्टीला टेकलेला, भरपूर श्रीमंत, आणि हुशारीने स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून फेर्ने गावी राहणारा, म्हणजे वॉरंट निघालं तर पलीकडे सटकता यावं. पहिल्यांदा त्याला वाटलं, असेलही बाप धर्मवेडा. मग त्याने चौकशी केली, कालासच्या धाकट्या मुलाला भेटला, आणि त्याची झोप उडाली. पुढची तीन वर्षं त्याने हे प्रकरण धसास लावलं. शेकडो पत्रं लिहिली, वकील दिले, कालासच्या विधवेला पॅरिसला पाठवलं, कागदपत्रं छापून वाटली आणि १७६३ मध्ये सहिष्णुतेवर एक पुस्तक लिहिलं. ९ मार्च १७६५ ला कालास निर्दोष ठरला.

मेलेला माणूस परत आला नाही हे खरंच. पण यात नवं काय घडलं ते बघा. तोवर खटला ही न्यायाधीशांची खासगी बाब होती, कागद बाहेर येत नसत. आता पॅरिसच्या कॉफीहाउसात बसलेला माणूस तुलूझच्या न्यायाधीशांना जाब विचारू लागला. या विचारणाऱ्याच्या हातात ना तलवार, ना पद. 'जनमत' नावाचा प्राणी जन्माला आला तो असा. याच सुमारास, १७६४ मध्ये, मिलानच्या बेकारिया या सव्वीस वर्षांच्या तरुणाने छळ करून कबुली घेणं आणि देहान्ताची शिक्षा या दोन्हींविरुद्ध छोटंसं पुस्तक लिहिलं. ते युरोपभर गेलं.

जनमताला खाद्य पुरवणारा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे दिदरो आणि दालांबेर यांचा विश्वकोश. १७५१ ते १७७२, एकूण २८ खंड, त्यातले ११ नुसत्या चित्रांचे. दिदरो हा चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याच्या कोशात धर्मशास्त्राच्या शेजारी मोजे विणायचं यंत्र आलं. साधी टाचणी तयार व्हायला अठरा कामं कशी लागतात, कोण तार ओढतो, कोण टोक काढतो, कोण डोकं बसवतो, हे सगळं चित्रांसकट. हाताने काम करणाऱ्याचं ज्ञान छापण्यालायक आहे, हे म्हणणं त्या सरंजामी समाजात एखाद्या घोषणेपेक्षा कमी नव्हतं. आणि खोडसाळपणा म्हणाल तर तोही होता. 'नरभक्षक' या नोंदीच्या शेवटी 'पाहा' म्हणून दिलंय ते चर्चमधल्या पवित्र प्रसादाच्या नोंदीकडे. आता ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर खाण्याच्या विधीवरचा हा टोला सेन्सॉरला कळायला दोन खंड उघडून बसावं लागणार!

सरकारने कोशावर बंदी घातली, एकदा सोडून दोनदा. पण पुस्तकांवर देखरेख ठेवणारा अधिकारी होता मालझेर्ब. १७५२ मध्ये हस्तलिखितं जप्त करायचा हुकूम निघाला तेव्हा त्याने आदल्या दिवशी दिदरोला निरोप धाडला. दिदरो म्हणाला, एवढी बाडं एका रात्रीत लपवू कुठे? मालझेर्बने सांगितलं, माझ्या घरी पाठवा, तिथे झडती घ्यायला कोण येतंय! ही हकिगत दिदरोच्या मुलीने लिहून ठेवली आहे. मालझेर्बचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटेल.

आता राज्य कसं चालवायचं, या प्रश्नाकडे. इथे दोन उत्तरं होती आणि ती एकमेकांशी पटणारी नव्हती. समजावायला आपली गृहनिर्माण सोसायटी पुरेल. समजा सेक्रेटरीच नियम करतो, तोच दंड वसूल करतो आणि दंडाविरुद्धची तक्रारही तोच ऐकतो. माणूस देवमाणूस असला तरी वर्षभरात तो सोसायटीचा संस्थानिक होईल. मोंतेस्क्यूने १७४८ च्या ग्रंथात हेच मांडलं: कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे हात वेगळे ठेवा, म्हणजे एक हात दुसऱ्याला धरून ठेवेल. त्याचा भरवसा माणसाच्या चांगुलपणावर नव्हता, रचनेवर होता. रूसो, जिनिव्हाच्या घड्याळजीचा मुलगा, १७६२ मध्ये म्हणाला की सत्तेचे तुकडे करण्यात अर्थ नाही. सत्ता लोकांचीच आणि ती अखंड. प्रत्येकाने आपल्या पार्किंगचा विचार बाजूला ठेवून सोसायटीच्या भल्याचा विचार केला तर जी इच्छा निघेल, ती 'सार्वत्रिक इच्छा'. तीच कायदा. ऐकायला सुंदर. अडचण एवढीच की सोसायटीचं भलं कशात आहे ते मलाच कळलंय, असं म्हणणारा एक जण प्रत्येक सभेत असतो.

अमेरिकेने १७८७ च्या राज्यघटनेत मोंतेस्क्यूची वाट धरली. अध्यक्ष, काँग्रेस, न्यायालय, तिघेही एकमेकांच्या पायात पाय घालणारे. मात्र प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेबही त्याच घटनेत बसवला गेला. 'सर्व माणसं' या शब्दांवर इतका उघड अपूर्णांक क्वचितच कोणी मांडला असेल.

फ्रान्समध्ये क्रांती पुस्तकांमुळे झाली असं मी म्हणणार नाही. खजिना रिकामा होता, अमेरिकेच्या युद्धात इंग्रजांची जिरवण्याच्या नादात कर्ज वाढलं होतं, १७८८ च्या जुलैमधल्या गारपिटीने पीक झोपलं आणि पुढच्या वर्षी पावाचा भाव कडाडला. शेतकऱ्याने रूसो वाचला नव्हता. पण दुष्काळ आणि दंगे फ्रान्सने आधीही पाहिले होते. या वेळी फरक पडला तो असा की सत्ता डळमळली तेव्हा तिच्या जागी काय आणायचं, ते सांगणारे शब्द पन्नास वर्षांत घासूनपुसून तयार झाले होते.

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेत सरदारांनीच उठून आपले हक्क सोडायला सुरुवात केली. त्या ठरावांतलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. ते कबुतरांबद्दल आहे. कबुतरखाना बाळगायचा हक्क तोवर बड्या मंडळींचा. त्यांची कबुतरं शेतकऱ्याचं पेरलेलं बी खायची, आणि शेतकऱ्याने एकही मारायचं नाही. सभेने तो हक्क मोडला आणि ठरावीक काळात कबुतरं कोंडून ठेवायला लावली. (कबुतरांवरून राजकारण तापतं हे मुंबईकरांना सांगायला नको.) समता हा शब्द त्या शेतकऱ्याला कळला असेल तर तो असा, आपल्या वाफ्यातल्या दाण्यावरून.

२६ ऑगस्टला सतरा कलमांचा हक्कांचा जाहीरनामा आला. पहिलं कलम: माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात. आणि लगेच 'कोण माणसं?' सुरू झालं. मत कोणाला, तर तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या, पंचविशी पार केलेल्या पुरुषाला. घरगड्याला नाही. बाईचा तर प्रश्नच नाही. ओलांप द गूज या नाटककार बाईने १७९१ मध्ये त्याच जाहीरनाम्याची सतरा कलमं घेतली आणि 'पुरुष' होता तिथे 'स्त्री' घालून पुन्हा लिहिली. बाईला फाशीच्या चबुतऱ्यावर चढायचा हक्क आहे, तर सभेच्या व्यासपीठावरही चढायचा हवा, असं तिने लिहिलं. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिला पहिलाच हक्क तेवढा मिळाला. फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार यायला १९४४ उजाडलं.

क्रांतीच्या शत्रूंना सरसकट मारण्याच्या, दहशतीच्या त्या काळात रूसोची 'सार्वत्रिक इच्छा' आपल्यालाच कळते, असं मानणारा माणूस सत्तेवर होता: रोबेस्पिएर. सोळा हजारांवर लोकांना रीतसर शिक्षा देऊन मारलं गेलं. मालझेर्ब म्हातारपणी पुन्हा पुढे आला. आधी राजाच्या तावडीतून पुस्तकं वाचवणाऱ्या या माणसाने आता, क्रांतिकारकांनी राजावर खटला भरला तेव्हा, राजाचंच वकीलपत्र घेतलं. एप्रिल १७९४ मध्ये तो, त्याची मुलगी आणि नात एकाच दिवशी गिलोटिनखाली गेले. गिलोटिनही खरं तर समतेच्या पोटातूनच आलेलं. आधी सरदाराचं डोकं उडवत आणि गरिबाला फासावर लटकवत. आता सगळ्यांना एकच, झटपट मरण.

पण 'सर्व माणसं' या शब्दांची खरी परीक्षा पॅरिसमध्ये नाही, कॅरिबियन समुद्रात झाली. सँ-दोमँग ही फ्रान्सची वसाहत म्हणजे आजचा हैती. युरोपात चहा-कॉफीत पडणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा या एका ठिकाणचा. तिथे जवळपास पाच लाख गुलाम आणि तीस-चाळीस हजार गोरे. तत्त्वज्ञ ज्या कॉफीहाउसात बसून स्वातंत्र्यावर वाद घालायचे तिथल्या साखरेचा हिशेब इथे लागतो.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडचे मळे पेटले. तुसाँ लुव्हेर्त्यूर, जन्माने गुलाम, मळ्यावर जनावरं आणि घोडागाडी सांभाळलेला माणूस, या बंडाचा सेनापती झाला. बंड मोडत नाही म्हटल्यावर तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७९३ मध्ये गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं, आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या सभेने सगळ्या वसाहतींमध्ये ती रद्द केली. सभेत त्या वेळी वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून झां-बातिस्त बेले बसला होता. आफ्रिकेतून पकडून आणलेला आणि पुढे स्वतःला विकत घेऊन सुटलेला. हे औदार्य होतं का? थोडं. बरंचसं मात्र गुलामांनी मळे आधीच हातात घेतले होते म्हणून.

१८०२ मध्ये नेपोलियनने सैन्य पाठवलं, आणि फ्रान्स गुलामगिरी परत आणतोय हे लवकरच उघड झालं. क्रेत-आ-पिएरो नावाच्या गढीला फ्रेंचांनी वेढा घातला तेव्हाची गोष्ट त्यांच्याच एका सेनानीने लिहिली आहे. रात्री गढीतून गाण्याचे सूर आले. आतले बंडखोर फ्रेंच क्रांतीची गाणी गात होते. बाहेरचे फ्रेंच शिपाई एकमेकांकडे आणि अधिकाऱ्यांकडे बघू लागले, की मग न्याय नेमका कोणाच्या बाजूला आहे? तुसाँ फ्रान्सच्या थंडगार तुरुंगात १८०३ मध्ये मेला, पण १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला.

आणि त्यांच्या १८०५ च्या राज्यघटनेत 'सर्व' कोण, याला असं उत्तर दिलंय की वाचून हसू आणि काटा दोन्ही यावेत: यापुढे हैतीचे सगळे नागरिक 'काळे' म्हणूनच ओळखले जातील. यात तिथे राहिलेले पोलिश आणि जर्मन गोरेही आले! जगाने मात्र याची किंमत वसूल केली. जेफरसन तेव्हा अमेरिकेचा अध्यक्ष होता. त्याच्याच कारकिर्दीत १८०६ मध्ये हैतीशी व्यापार बंद केला गेला. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ती रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यासाठी काढलेल्या कर्जांनी देशाची कंबर कित्येक पिढ्या वाकलेलीच राहिली.

या शब्दांचा एक फाटा महाराष्ट्रातही पोचला, पण तो सांगताना जपून बोलायला हवं. समता हा माल जहाजातून उतरला, असं समजायचं कारण नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. आणि त्यांनीच १९५४ मध्ये आकाशवाणीवरून स्पष्ट सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाकडून घेतली आहेत. दोन्ही विधानं मला खरी वाटतात.

त्याआधी जोतीराव फुले. इंग्लंडमध्ये बायकांच्या चोळीवजा कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा आणि स्वतःही तोच धंदा शिकलेला थॉमस पेन, त्याचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक जोतीरावांनी १८४७ च्या सुमारास, विशीत वाचलं. दुसऱ्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा निघाली. १८७३ चं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या, गुलामांना सोडवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, जेफरसनच्या नव्हे तर रॉबर्ट हेमिंग्जच्या बाजूच्या अमेरिकेला.

पेनच्या पुस्तकाच्या नावात हक्क आहेत ते 'मॅन'चे. जोतीरावांनी आयुष्याच्या शेवटी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहायला घेतलं तेव्हा पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला होता, म्हणून त्यांनी ते डाव्या हाताने लिहिलं. 'माणूस' म्हटलं की सगळे आलेच, असं म्हणून त्यांना सुटता आलं असतं. त्यांनी त्या पुस्तकात पुन्हा पुन्हा 'स्त्री अथवा पुरुष' असं लिहिलं आहे, डाव्या हाताने, प्रत्येक वेळी ते जास्तीचे शब्द घालून.